तिसरी चाचणी

२ फेब्रुवारी

धाकट्या,

मेल तू उघडत नाहीस. फोन वहिनी उचलते आणि "दुकानात आहेत" म्हणते. म्हणून कागद घेतला. न वाचता फेकायचा म्हटलास तरी पाकिटावरचं माझं अक्षर तुला बघावंच लागेल.

कामाचं बोलते. कॉम्प्युटर चालवणाऱ्या आपल्या प्रणालीच्या पुढच्या आवृत्तीतून टेलिफोनच्या लाइनवर चालणाऱ्या मोडेमचे सगळे ड्रायव्हर काढून टाकायचं ठरलंय. शेवटची तारीख ३१ मार्च. ठरवणारा माणूस तुझ्यानंतर आलेला आहे. आपल्या प्रणालीत काय आत येईल आणि काय बाहेर जाईल ते आता तो बघतो. मी त्याचं नाव गेटमन ठेवलं, सगळ्या मेलिंग लिस्टवर तेच रूढ झालं, आणि हल्ली तो स्वतःही तशीच सही करतो. त्याने अगदी सभ्यपणे विचारलं, "हा कोड सहा वर्षांत तुमच्याशिवाय कोणी उघडलेला नाही. वापरणारं कुणी उरलंय का?"

मी उत्तर दिलं. जरा लांबलं. तू असतास तर म्हणाला असतास, ताई, माईक बंद कर. पण टेलिफोन एक्स्चेंजच्या फाटकावर तीस वर्षं गेटसभा घेतलेल्या बाईला "कुणी उरलंय का" असं विचारल्यावर ती दोन ओळींत कशी थांबेल? मी लिहिलं की उरलंय. माझ्या वहीत एक्केचाळीस ठिकाणं आहेत. धरणाची पातळी कळवणाऱ्या खोल्या आहेत, डोंगरावरची हवामान केंद्रं आहेत, दोन दीपगृहं आहेत, बेटावरचा तो दवाखाना आहे. तिथे तांब्याच्या दोन तारांशिवाय दुसरं काही पोचलेलं नाही. जुनं ते निकामी, हे कोण ठरवतं? ज्यांच्या दारात नवं आधी येतं ते. त्यांनी खुशाल पुढे जावं, पण मागच्यांच्या पायाखालची फळी काढून घेऊन जाऊ नये. एवढ्यासाठीच आपण ही प्रणाली सगळ्यांना खुली ठेवली, असं मी लिहिलं.

खालच्या मजल्यावरचा, पुस्तकं बांधणारा बाइंडर जिना चढून आला होता, मला टाइप करताना पाहून म्हणाला, "ताई, एवढं कुणाशी भांडताय?" मी म्हटलं, मोडेमसाठी. त्याला मोडेम माहीत नव्हता. मी सांगितलं की दोन कॉम्प्युटर फोनवरून एकमेकांशी बोलतात, त्यांच्यातला दुभाषी म्हणजे मोडेम, आणि त्या दुभाष्याला कसं वागवायचं हे कॉम्प्युटरला शिकवणारा कोड म्हणजे ड्रायव्हर. आधी दोघे ओळख पटेपर्यंत कर्कश ओरडतात, मग शांतपणे कामाचं बोलतात. बाइंडर म्हणाला, "आमच्या घरी उलटं आहे. शांतपणे सुरू होतं." तू हसला असतास.

तर गेटमनची अट अशी. मोडेमच्या त्या लांबट कार्डाच्या ड्रायव्हरवर कोणीतरी तिन्ही चाचण्या करून खाली "तपासलं" या शब्दापुढे आपलं नाव द्यावं. ते नाव माझं चालणार नाही. जो लिहितो तो तपासत नाही, हा आपलाच जुना नियम. "जबाबदार" पुढे माझं नाव, "तपासलं" पुढे दुसऱ्याचं. तेवढं झालं की ड्रायव्हर राहील.

कार्ड तुझ्याकडे आहे. दुरुस्तीच्या दुकानातल्या वरच्या फळीवर, चपलांच्या खोक्यात. पहिला कॉल स्वच्छ लाइनवर, दुसरा खरखरीच्या लाइनवर, आणि तिसऱ्यात बोलणं चालू असताना भिंतीतून वायर उपटायची आणि मोडेम लाइन सोडतो की धरून बसतो ते पाहायचं. तुला सांगायला नको. ती तिसरी तूच सुरू केलीस.

मागे जे झालं ते झालं, ते उकरायची ही वेळ नाही. तू निघून गेलास, अकरा वर्षं मी एकटीने सांभाळलं, कधी तक्रार केली नाही. आता एका सकाळचं काम मागतेय.

ड्रायव्हरची जबाबदार म्हणून लिहिलं आहे. ताई म्हणून वाचलंस तरी चालेल.


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

काल वहिनीचा फोन आला. तू दुकानात होतास, म्हणून तिने आवाज न चोरता बोलून घेतलं.

"ताई, पत्र वाचलं त्यांनी. दोनदा वाचलं."

"मग?"

"मग सोल्डरिंगच्या स्टँडखाली ठेवलं. टेबल डुगडुगतं ना."

मी म्हटलं, चला, काहीतरी आधार झाला माझा. ती हसली नाही. म्हणाली, "कार्ड ते पाठवणार नाहीत. नावही देणार नाहीत. म्हणाले, तिसरी चाचणी कुठे राहिली ते ताईला विचार."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? तुम्हा दोघांच्या घरात मी अकरा वर्षं निरोप्याचं काम करतेय. निरोपही कसले, एक शब्द इकडून, अर्धा तिकडून. मला एकदा नीट सांगा तरी, काय झालं होतं?"

मी तिला सांगितलं नाही. कामाचं निमित्त काढून फोन ठेवला. म्हणजे तूही तिला सांगितलेलं नाहीस. हे मला माहीत नव्हतं.

तर ऐक. दोन चाचण्या झाल्या होत्या. हे तूच मला सांगितलंस. त्या गुरुवारी तुझा फोन आला, "ताई, दोन झाल्या, दोन्ही चोख. तिसरी सोमवारी करतो." मी विचारलं, सोमवारी का? म्हणालास, समोरच्या टोकाला शिंप्याचा फोन लागतो आणि शिंपी गावाला गेलाय, दुकानाला कुलूप आहे. मी म्हटलं, शनिवारी या आवृत्तीचं फाटक बंद होतंय, यात राहिलं तर सहा महिने थांबावं लागेल. तू म्हणालास, "मग सहा महिने थांबू. मोडेमला कुठे जायची घाई आहे?"

तुला घाई नव्हती. मला होती. लाइन सोडण्याचा सगळा भाग मी नव्याने लिहिला होता. जुना कोड म्हणजे ठिगळांची गोधडी होती, मी तिचं एकसंध कापड केलं होतं. दोनशे ओळींच्या जागी साठ. लिस्टवर लोक वाहवा करत होते. आता सांगते, त्या वाहवेची मला चटक लागली होती.

दोन चोख झाल्यावर तिसरी चोखच होणार, असं कुणालाही वाटलं असतं. कुणालाही. इतकंच मला म्हणायचं आहे.

कार्ड नको पाठवूस. मी दुसरं शोधते.


५ मार्च

धाकट्या,

कार्ड मिळालं. भंगारवाल्याकडे एका मोडक्या पेटीत सापडलं. त्याने विचारलं, "हे चालतं तरी का?" मी म्हटलं, तेच तपासायचंय. तो म्हणाला, "चाललं तर मलाही सांगा, माझ्याकडे असल्या पुष्कळ म्हाताऱ्या पडल्यात." माझ्याकडे बघून बोलला की पेटीकडे, कळलं नाही.

कार्ड बसवलं. बाइंडरच्या फोनवर दुसरं टोक लावलं आणि तिन्ही चाचण्या स्वतः केल्या. पहिल्यांदा केल्या, धाकट्या. वीस वर्षं मी ज्या कोडची मालकीण म्हणून मिरवते, त्याचा आवाज मी समोर बसून कधी ऐकला नव्हता. तो तू ऐकायचास. एक्स्चेंजमधले लोक तुला कानसेन म्हणायचे ते चेष्टेत, पण तू नुसत्या किंचाळण्यावरून सांगायचास की समोरच्या टोकाला सांधा गंजलाय. मी कोड वाचायचे आणि म्हणायचे, मला दिसतं, ऐकायची गरज नाही.

तिसऱ्यात वायर उपटली. एक, दोन, तीन सेकंद, आणि कार्डातून टिक असा बारीक आवाज आला. लाइन सुटली. तो टिक ऐकायला तू बसायचास. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या सोमवारी तू बसला असतास तर तुला ऐकू आलं असतं की टिक येत नाही.

निकाल लिहायला बसले. "जबाबदार" पुढे माझं नाव आपोआप येतं. "तपासलं" पुढे कर्सर लुकलुकत होता. मी तुझं नाव टाइप केलं.

बोटांनीच केलं असं म्हणणार होते. नाही, मीच केलं. मनात हिशोब तयार होता. चाचण्या खऱ्याच झाल्यात, फक्त करणारा दुसरा. गेटमन विचारायला येणार नाही. एक्केचाळीस ठिकाणं वाचतील. चहा निवेपर्यंत मी त्या नावाकडे बघत बसले. मग एकेक अक्षर खोडलं. पण टाइप केलं होतं, हे तुला कळायला हवं, कारण मागच्या वेळी मी खोडलं नाही.

आता ते लिहिते, जे कधीच लिहिलं नाही.

तू तिसरी चाचणी केली नव्हतीस. शुक्रवारी संध्याकाळी मी तुला न विचारता "तपासलं" पुढे तुझं नाव घातलं आणि बदललेल्या कोडचा पॅच पाठवून दिला. शनिवारी फाटक बंद झालं. सोमवारी शिंपी आला की नाही, मी विचारलंही नाही. तूही चाचणीचं काही बोलला नाहीस. तुला वाटत होतं पॅच पुढच्या खेपेला जाणार, घाई नाही.

पाच महिन्यांनी बेटावर वादळ झालं. दवाखान्याचा कॉम्प्युटर रोजचे आकडे पाठवत होता, तेवढ्यात लाइन क्षणभर तुटली आणि पुन्हा जुळली. मोडेमने ती सोडलीच नाही. त्या दवाखान्यात फोन एकच, आणि तो त्याच तारांवर. होडीवाल्याला छातीत कळ आली म्हणून आणलं होतं. पलीकडच्या किनाऱ्यावरून डॉक्टर बोलवायचा तर फोन मुका. सिस्टरांना वाटलं, वादळाने तार तुटली. वाटणारच. ती वायर भिंतीतून उपटली की फोन सुरू होईल हे त्यांना कोण सांगणार होतं? चौदा तासांनी लाइनमन पोचला. त्याने वायर काढली आणि लगेच टोन आला. होडीवाला पहाटेच गेला होता. बेटावरच्या प्रत्येकाला पलीकडे नेऊन सोडणारा माणूस, आणि त्याच्यासाठी होडी आली नाही.

सिस्टरांनी लिस्टवर पत्र लिहिलं. माझ्या नावाने नव्हतं, "तपासलं" पुढे ज्याचं नाव होतं त्याच्या नावाने. एकच प्रश्न होता. "तुम्ही वायर उपटून पाहिली होती का?"

तू मला फोन केलास. "ताई, माझं नाव कधी लिहिलंस?"

मी म्हणाले, "तू करणारच होतास ना?"

तू फोन ठेवलास. तासाभराने लिस्टवर तुझी दोन वाक्यं आली. चाचणी माझी होती. चूक माझी आहे. मग तू सगळं सोडलंस. आणि मी दोन दिवसांत तो दोष दुरुस्त केला, सगळ्यांनी माझी तत्परता वाखाणली, आणि मी ती वाखाणू दिली.

तू निघून गेलास असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते खोटं आहे. मी तुला घालवलं.


१९ मार्च

धाकट्या,

काल बेटावर फोन केला. अकरा वर्षं तो नंबर माझ्या वहीत आहे, कधी लावला नव्हता. मनात भाषण तयार होतं. गेटसभेत हजार माणसांपुढे माझी जीभ कधी अडखळली नाही, काल "मी ताई बोलतेय" यापुढे गाडी जाईना. सिस्टर मनातल्या मनात म्हणाल्या असतील, कोणाची ताई?

मग सांगितलं. कोण ते सांगितलं. चाचणी झाली नव्हती आणि नाव मी घातलं, तेही सांगितलं.

मागे कुणाचं तरी मूल रडत होतं, भांडी वाजत होती. मग म्हणाल्या, "अकरा वर्षं मी त्यांना माफ करत आले. थोडं थोडं करून आत्ता कुठे पुरं होत आलं होतं. आता तुमच्यापासून परत सुरू करू का?"

मी म्हटलं, नका करू.

"ते बघते मी काय करायचं ते," त्या म्हणाल्या. "पण मग ते दर रविवारी फोन कशाला करतात?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

तुला माहीतच आहे, तरी लिहिते, कारण मला हे काल कळलं. दर रविवारी अकराला तू दवाखान्यात फोन करतोस. त्याच्या जरा आधी, ठरल्याप्रमाणे, सिस्टर मोडेमचा कॉल लावतात, तो बोलत असताना भिंतीतून वायर उपटतात, दहा मोजतात, परत बसवतात. मग तू फोन लावतोस. वाजला की लाइन मोकळी. "कसे आहात" एवढं विचारतोस आणि ठेवतोस. दवाखान्याच्या नोंदवहीत, औषधांच्या पानामागे, त्या प्रत्येक वेळी तारीख आणि "वाजला" असं लिहितात. मी विचारलं, किती झाल्या? त्यांनी पानं उलटली. पाचशे साठच्या वर आहेत. दोन वेळा लाइन खरंच तुटली होती, तिथे "वाजला नाही, लाइनमन आला" असं लिहिलंय.

"पहिल्यांदा त्यांनी फोन केला तेव्हा मी खूप बोलले त्यांना," सिस्टर म्हणाल्या. "ते ऐकून घेत राहिले. माझं झाल्यावर म्हणाले, सिस्टर, आता ती वायर उपटून दाखवता का? मला राग आला. पण उपटली."

तू लिस्ट सोडलीस, मला सोडलंस. तिसरी चाचणी सोडली नाहीस. आणि मी इथे माईकवर ओरडत होते की या एक्केचाळीस ठिकाणांची काळजी जगात मला एकटीला आहे.

मी त्यांना गेटमनच्या अटीबद्दल सांगितलं, भीत भीत. त्या म्हणाल्या, "वायर मी उपटते, मग तपासणारी मीच ना? घाला माझं नाव. पण विचारून घालताय ना, या वेळी?"

विचारून घालतेय, मी म्हटलं.

रात्री वहिनीला फोन करून सगळं सांगितलं. तिला सांगायला हवं होतं. ती म्हणाली की तू दोष अंगावर घेतलास त्या दिवशी तिने तुला विचारलं होतं, बहिणीला वाचवलंत का? तू म्हणाला होतास, "तिला नाही. खोटं नाव घातलंय असं कळलं तर तिचे सगळे ड्रायव्हर एका दिवसात काढून टाकतील. तीनशे ठिकाणं आहेत तिथे." त्यापुढे तू काही बोलला नाहीस, म्हणून अर्धी गोष्ट घेऊन ती बिचारी अकरा वर्षं बसली.

तेव्हा तीनशे होती. आता एक्केचाळीस.

आता माझ्यापुढे काय आहे ते तुला दिसतंच. सिस्टरांचं नाव खरं आहे, चाचण्या खऱ्या आहेत. मी गप्प राहिले तर ड्रायव्हर सुखाने राहील, मीही राहीन. बोलले तर माझ्या "जबाबदार" या शब्दाला काही किंमत उरणार नाही, आणि दुसरं कोणी हे घ्यायला पुढे येणार नाही. तू जे वाचवायला नाव घालवलंस तेच मी घालवून बसेन.

कालपासून याच विचारात आहे. ठिकाणांसाठी, ठिकाणांसाठी, असं मी अकरा वर्षं म्हणत आले. खरी होती ती काळजी. पण तिच्याआड मी लपलेही होते. एखाद्याचा कळवळा खरा असला म्हणजे त्याच्या पाठीमागे दडून बसता येत नाही असं थोडंच आहे? उलट खऱ्या कळवळ्यामागे माणूस जास्त चांगला दडतो.


२६ मार्च

धाकट्या,

शुक्रवारी लिस्टवर लिहिलं. भाषण नाही केलं. तारखा दिल्या, पॅच कोणता ते दिलं, आणि लिहिलं की त्यावर "तपासलं" पुढे जे नाव आहे ते मी त्या माणसाला न विचारता घातलं, तिसरी चाचणी झालेली नव्हती, बेटावरच्या मृत्यूशी ज्या दोषाचा संबंध आहे तो माझ्या कोडचा आहे आणि तो लपून राहिला माझ्या खोट्या ओळीमुळे. त्या माणसाने दोष स्वतःवर घेतला, तोही खरा नाही.

तू म्हणशील, मला विचारलंस का? नाही विचारलं. तुझ्याबद्दल तुला न विचारता मी लिस्टवर दुसऱ्यांदा लिहिलं. फरक एवढाच की या वेळचं खरं आहे. तो फरक तुला पुरेसा वाटेल की नाही, मला सांगता येत नाही.

आणि कोणासाठी केलंस, असंही विचारशील. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे. "तपासलं" या ओळीवर विसंबून कुठेतरी कोणीतरी एकटं माणूस दवाखाना चालवतं, धरणाचं दार उघडतं. ती ओळ खोटी असू शकते आणि खोटी असली तरी खपून जाते, असं जिथे चालतं तिथे एक्केचाळीसही सुरक्षित नाहीत आणि तीनशेही नव्हती. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला फक्त दुसऱ्यांना सांगता येत होतं.

लिस्टवर दुसऱ्या दिवशी उत्तरं आली. जुन्यांपैकी एकाने लिहिलं, "आम्ही त्या माणसाला काय काय बोललो होतो, ते परत कसं घ्यायचं?" एकाने लिहिलं की बाईंचा सगळा कोड बाहेर काढा. मग गेटमनने मला फोन केला. आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, लिहितो त्यापेक्षा बराच थकलेला.

"बाई, कोड आत टाकायची तुमची किल्ली काढून घ्यावी लागेल."

"काढून घ्या."

"तुमची म्हणून आलेली प्रत्येक ओळ परत तपासून घेणार आहोत."

"घ्या. तेच बरोबर आहे."

तो म्हणाला, "तुम्ही भांडाल असं वाटलं होतं. मी मुद्दे लिहून बसलो होतो."

मी म्हटलं, वाचून दाखवा, ऐकते. तो नाही म्हणाला.

मग त्याने ड्रायव्हरचं सांगितलं. सिस्टरांनी नोंदवहीच्या पानांचे फोटो पाठवले होते, पाचशे साठ ओळी. कुठल्याही ड्रायव्हरची इतकी तपासणी त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. त्यामुळे तो काढणं त्याला जमेना. पण जबाबदार माणसाशिवाय ठेवणंही नियमात बसेना. शेवटी एक मधली वाट निघाली. ड्रायव्हर पुढच्या आवृत्तीत राहतोय. "तपासलं" पुढे सिस्टरांचं नाव आहे. "जबाबदार" पुढे, जिथे वीस वर्षं मी होते, तिथे आपल्या यादीतला ठरलेला शब्द घातलाय. अनाथ.

म्हणजे कोणी विचारणारं नाही, पण हाकललेलंही नाही. वर्षभरात कोणी पुढे आलं नाही तर काढतील.

ती यादी मी उघडून पाहिली. आई गेली तेव्हा तू वीस वर्षांचा होतास आणि मी तुला म्हटलं होतं की हा शब्द आपल्या घरात कोणी वापरायचा नाही. आता तो मीच आणला.

हे घे, असं मी तुला म्हणणार नाही. तुझं नाव मी कुठे सुचवलेलंही नाही. तुला काय वाटेल ते आधीच धरून चालायची सवय मोडायला मी जरा उशिरा बसलेय.

सगळं लिहून झालं. आता कागद संपला म्हणून नाही, माझं बोलणं संपलं म्हणून थांबते.


६ एप्रिल, रविवार

धाकट्या,

थोडंच आहे.

लिस्टवर लिहिलं त्याला सोळा दिवस झाले. तुझं काही आलं नाही. वहिनी म्हणाली, तू वाचलंस, दुकान लवकर बंद केलंस, आणि जेवताना "मीठ दे" एवढंच बोललास. मला वाटत राहिलं, तू आता त्या रविवारच्या फोनमधूनही मोकळा झाला असशील. दोष तुझा नव्हताच हे सगळ्यांना कळलं, मग कशाला करायचा? आणि तू सोडलंस तर तो फोन कोणी करायचा?

म्हणून आज अकराला मी लावला. तू करतोस की नाही ते बघायला लावला, उगाच दुसरं कारण सांगत नाही.

एंगेज.

तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढली. एंगेजचा टोन मी दिवसाला दोनशे वेळा ऐकला असेल. आज त्याचे दोनच अर्थ होते. एकतर मोडेम लाइन धरून बसला होता, म्हणजे माझ्या कोडमध्ये अजून काहीतरी होतं जे पाचशे साठ वेळा सापडलं नव्हतं. किंवा तू होतास. टोन दोन्हीचा सारखाच. तुझा कान असता तर कदाचित कळलं असतं. मला कळेना.

अकरा वाजून पाच मिनिटांनी पुन्हा लावला. एंगेज. अकरा वाजून नऊ मिनिटांनी पुन्हा. एंगेज. तू तर "कसे आहात" एवढंच विचारतोस, असं सिस्टर म्हणाल्या होत्या. त्याला नऊ मिनिटं लागत नाहीत. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. लाइनमनचा नंबर कुठे मिळेल याचा विचार करू लागले.

चौदाव्या मिनिटाला रिंग गेली.

म्हणजे लाइन सुटली होती. म्हणजे तू होतास, आणि या वेळी तुम्ही दोघं चौदा मिनिटं बोललात. काय बोललात, हे मी विचारणार नाही.

दुसरी रिंग पुरी व्हायच्या आत मी रिसीव्हर ठेवून दिला. त्या दवाखान्यात फोन एकच आहे.